शिवकांताचे रक्त आणि अप्पांचे माप

शिवकांताच्या छातीत धातूची झडप बसवलेली होती आणि ती वाजत असे. आवाज मोठा नव्हता. खिशात जुने घड्याळ ठेवून कुणी जवळ येऊन बसावे, इतकाच. पंगतीत बोलणे थांबले की शेजारच्या पानावरच्या माणसाला तो ऐकू येई. गावातल्या बायका आधी दचकल्या, मग हसल्या आणि पुढे सवयीने विसरून गेल्या. सासू शांताक्का मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानाने सांगे, "आमच्या सुनंचा जीव चालतोय त्याचा आवाज येतोय बघा. हाय का तुमच्यात असं कुणाचं?"

गाव मुरूमच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीला पाठ टेकून बसलेले. घरात मराठी आणि कानडी अशा दोन्ही भाषा नांदत. हिशोब मराठीत होई, देवाचे आणि भांडणाचे कानडीत. शिवकांताचे माहेर आळंदकडचे. लहानपणी तिचा घसा वरचेवर धरे, ताप येई, आणि ताप उतरला की गुडघे सुजत. आई हळदीचा लेप लावी आणि वाढते अंग म्हणून सोडून देई. त्या तापाने आत हृदयाची झडप नासवून ठेवली आहे, हे कळायला लग्न व्हावे लागले, निकिता जन्मावी लागली. भरल्या घागरीने आडावरून येताना ती वाटेत दोनदा टेकू लागली, तेव्हा आळीने तिला कामचुकार ठरवले. तिनेही ते निमूटपणे मान्य केले होते. दम लागतो तो आळशी माणसाला, असेच तिने ऐकलेले होते. पुढे पायांवर सूज आली आणि उशी उंच केल्यावाचून झोप लागेना, तेव्हा नवरा तिला सोलापूरला घेऊन गेला. छाती उघडावी लागली. निकिता तेव्हा शाळेत होती.

घरी सोडताना तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नवराबायकोला समोर बसवून सर्व समजावले होते. धातूची झडप टिकाऊ असते. पण रक्ताला ती परकी वाटते. परक्या वस्तूला रक्त चिकटू पाहते, साकळते, तिथे गाठ धरते. गाठ धरली तर झडप अडकते, किंवा गाठीचा तुकडा सुटून मेंदूत जातो. म्हणून रक्त साकळण्याची चाल मंद ठेवणारी गोळी जन्मभर घ्यायची. गोळी कमी पडली तर गाठ, जास्त झाली तर रक्तस्राव. या दोहोंच्या मधल्या अरुंद बांधावरून चालायचे आहे. त्यासाठी दर महिन्याला रक्त तपासून आकडा पाहायचा, आणि तो अडीच ते साडेतीनच्या दरम्यान ठेवायचा. हिरव्या पालेभाज्या गोळीचा जोर उतरवतात, तेव्हा त्या जपून, रोज साधारण तेवढ्याच खायच्या.

शिवकांता तेव्हा टाक्यांच्या वेदनेत होती. तिने मान हलवली. ऐकले ते तिच्या नवऱ्याने, गुरुसिद्धप्पांनी.

गुरुसिद्धप्पांचे गावात बी-बियाणे आणि पिकांवरच्या औषधांचे दुकान होते. सकाळपासून शेतकरी हातात एखादे पान किंवा कीड लागलेली शेंग घेऊन येत, फळीवर ठेवत आणि विचारत, "अप्पा, काय मारू? पंपाला किती?" अप्पा पान उन्हाकडे धरत, उलटे करून पाहत आणि सांगत. त्यांचे माप सहसा चुकत नसे. चुकले तर पुढच्या फवारणीत ते दुरुस्त करता येई. मात्रा जास्त झाली तर दोन दिवस थांबायचे, कमी पडली तर झाकणभर वाढवायचे. पंचक्रोशीत त्यांच्या शब्दाला वजन होते. बायकोच्या रक्ताचा कारभारही त्यांनी याच विश्वासाने हाती घेतला. गोळ्या त्यांच्या दुकानाच्या गल्ल्याशेजारी राहत. संध्याकाळी दुकान बंद करून आले की ते अडकित्त्याने गोळीचा अर्धा भाग करत, एक अख्खी आणि एक अर्धी तिच्या तळहातावर ठेवत आणि ती पाणी पिऊन होईपर्यंत समोर उभे राहत. उमरग्याच्या लॅबमधून आकडा त्यांच्याच फोनवर येई. शिवकांताला स्वतःच्या रक्ताचा आकडा ठाऊक नसे. एकदा तिने विचारलेही होते.

"किती आला हो?"

"बराबर हाय."

"बराबर म्हंजे?"

"तुला काय करायचंय? तू भाकऱ्या थाप. रक्ताचं म्या बघतो."

त्यात तुसडेपणा नव्हता. माया होती आणि मक्ता होता. तिला ते सोयीचेही वाटले होते. आपला जीव दुसऱ्या कुणी सांभाळत असेल, तर माणसाला आपल्या जिवाची भीती थोडी कमी वाटते.

पालेभाज्यांच्या बाबतीत अप्पांनी डॉक्टरांच्या वर एक पाऊल टाकले. "जपून खा म्हणाल्यात. जपून म्हंजे किती? आज मूठ, उद्या ओंजळ, कुठं माप ठेवायचं? त्यापरीस बंदच." त्या दिवसापासून शिवकांताच्या ताटातून मेथी गेली, पालक गेला, अंबाडी, चाकवत, चुका, हरभऱ्याचा पाला, सारे गेले. कोथिंबीरसुद्धा ती बोटाने बाजूला काढी. मेथी निवडताना वास आला की जिभेखाली पाणी सुटे आणि ती उगीच शेंगदाणे तोंडात टाकी. आकडा ठीक येत होता, कारण गोळीचे प्रमाण याच कोरड्या ताटाला जुळवून ठरले होते. ही गोष्ट अप्पांच्या लक्षात कधी आली नाही.

तिला सर्वांत जड जाई ते येळवस. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला सारा गाव शेतात लोटतो. कडब्याची कोप उभारून तिच्यात चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात, पिकावर आंबील शिंपडतात आणि मग पंगती बसतात. पंगतीचा राजा म्हणजे भज्जी: कोवळ्या तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे, वाटाण्याचे दाणे, त्यांत मेथी, पालक, चुका, कांद्याची पात, हिरवी मिरची आणि लसूण, चिंच आणि बोरे, आणि हे सारे डाळीच्या पिठात शिजवून घट्ट केलेले. शिवकांताच्या हातची भज्जी गावात नावाजलेली होती. आदल्या रात्रीपासून ती निवडणे-सोलणे करी, पहाटे चुलीवर मोठे पातेले चढवी आणि मीठ-तिखट चाखायला मात्र जाऊबाईंना हाक मारी. पंगतीत वाढताना लोक म्हणत, "वैनी, झकास!" ती हसे. तिच्या पानात बाजरीचे उंडे, खीर आणि आंबील असे. इतकी वर्षे तिने आपल्याच हातची भज्जी केवळ वासावरून केली होती.

या वर्षी येळवस तोंडावर आली असताना तिला कणकणी आली. अप्पांनी मुरूमच्या औषधाच्या दुकानातून तापाच्या आणि खोकल्याच्या गोळ्या आणल्या. त्यांत एक प्रतिजैविक होते. ताप उतरला, पण दात घासताना हिरड्यांतून रक्त येऊ लागले आणि दंडावर आपटल्यावाचूनच निळे-जांभळे डाग उमटले. रक्त तपासले, तर आकडा फार वर गेलेला, म्हणजे रक्त नको तितके पातळ झालेले. उमरग्याच्या डॉक्टरांनी फोनवर अप्पांना सांगितले, की त्या दुसऱ्या औषधाने गोळीचा जोर वाढला आहे. गोळी दोन दिवस बंद ठेवा, मग पूर्ववत सुरू करा आणि लगेच पुन्हा रक्त तपासा.

दोन दिवस गोळी बंद राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी हिरडीतून पुन्हा थोडे रक्त आले. अप्पांनी ते कापसावर पाहिले, पान पाहावे तसे उन्हाकडे धरून.

"अजून पातळच हाय. आज बी देत न्हाय."

"पण डॉक्टरांनी..." शिवकांता म्हणाली.

"डॉक्टर फोनवर बोलतोय, म्या डोळ्यानं बघतोय."

रक्त तपासायचे ते येळवस उरकल्यावर, असे ठरले. लॅबला जायचे तर दिवस मोडतो आणि घरात पाहुणे येणार होते. असे दिवस पुढे गेले, गोळी बंदच राहिली, आणि येळवशीच्या दिवशी शेतात, पंगत बसलेली असताना, अप्पांनी सर्वांसमोर जाहीर केले, "कांता, तू बी आज भज्जी खा."

शिवकांताच्या हातात पळी होती. तिला वाटले, चेष्टा चालली आहे.

"हसू नगंस. हिशोब सांगतो. रक्त झालंय पातळ. पाला करतो घट्ट. मग? गोळी बंद आणि वरून भज्जी. आकडा सरळ जाग्यावर. डॉक्टरला बी सुचलं नसंल."

"अप्पांचं डोस्कं!" शेजारच्या शेतातून आलेला एक जण म्हणाला. "तणनाशकाला उतारा, खताला उतारा, आता बायकोला बी उतारा!"

पंगत हसली. शांताक्काने स्वतः द्रोण पुढे केला. "आगं खा. नवरा खा म्हणतोय तवर खा. पुन्हा म्हणंल का न्हाय, कुणास ठावं!"

शिवकांता पांडवांच्या कोपीशेजारी मांडी घालून बसली. पहिला घास जिभेवर ठेवला आणि तिचे डोळे भरून आले. चुक्याचा आंबटपणा, हरभऱ्याचा कोवळा गोडवा, मागून उतरणारा लसूण. इतकी वर्षे आपण लोकांना हे वाढत होतो? तिने दुसरा द्रोण घेतला. कुणी तिला अडवले नाही. नवऱ्याच्या हिशोबात कुठे तरी चूक आहे अशी अंधुक शंका तिच्या मनात आली होती. परंतु ती शंका तिने स्वतःच भाकरीच्या तुकड्याबरोबर गिळली. अप्पांवर सर्व दोष टाकता येणार नाही. तिला तो घास हवा होता, आणि अप्पांचा हिशोब त्या घासाच्या बाजूचा होता.

भज्जी एका दिवसाची नसते. शिळी होईल तशी ती मुरते आणि अधिक गोड लागते. शेजारच्या घरांतून डबे येतात, आपले डबे त्यांच्याकडे जातात. पातेले रिकामे होईपर्यंत शिवकांताने दोन्ही वेळा भज्जीच खाल्ली. हिरड्यांतले रक्त थांबले. अप्पांनी मिशीवरून हात फिरवला आणि गोळी पुन्हा सुरू केली. पण "एकदम भरात नगं" म्हणून नुसती अर्धीच. रक्त तपासायला जाण्याची निकड आता त्यांना वाटेना. पीक टवटवीत दिसत असताना माती कोण तपासतो?

त्या आठवड्याच्या अखेरीस ओटा चढताना शिवकांताला दम लागला. तिने भिंतीला हात लावला. अंगाला आंबील बाधली असेल, असे तिने मनाला सांगितले. मग कोरडा खोकला सुरू झाला. शांताक्काने तुळस आणि आले उकळून दिले. आडवे झाले की छातीवर कुणी पोते ठेवल्यासारखे होई, म्हणून ती भिंतीला टेकून बसू लागली. जुनी ओळखीची पाहुणी दारात उभी राहावी आणि तिचे नाव घ्यायला कुणी धजू नये, तसे झाले होते. शस्त्रक्रियेच्या आधी नेमके असेच होत असे, हे तिला पक्के आठवत होते. ती बोलली नाही. बोलले तर अप्पांचा हिशोब चुकला असे होईल आणि भज्जीही चुकली असे होईल.

निकिता उमरग्याला कॉलेजात शिकत होती. सुट्टीसाठी घरी आली होती. दुपारी अंगणात आईच्या पुढ्यात बसून ती केसांना तेल लावून घेत होती. बोलता बोलता ती मागे रेलली आणि तिचे डोके आईच्या छातीला टेकले. ती थोडा वेळ तशीच राहिली. मग हळूच वळून तिने कानच लावला.

"अव्वा, तुझं घड्याळ बंद पडलं काय गं?"

"उगं चेष्टा करू नगं."

"चेष्टा न्हाय. टिकटिक न्हाय येत. काय तरी मंद, दबल्यासारखं येतंय. चिखलात पाय टाकल्यागत."

शिवकांताचा तेलाचा हात तिच्या केसांत तसाच राहिला. तिने आपला श्वास रोखून कान दिला. इतकी वर्षे जो आवाज तिने ऐकायचाच सोडून दिला होता, तो आज तिला शोधूनही सापडेना.

शांताक्काला बोलावले. म्हातारीने सुनेच्या छातीला कान लावला, उठली आणि पदराने तोंड झाकून बसली. दुकानातून अप्पा आले. त्यांनी ऐकले. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला, पण तोंडातून निघाले ते मापच.

"घाबरायचं काय कारन न्हाय. अर्धी कमी पडली. आता दोन देऊ. रात्री आनखी एक. सकाळपर्यंत लायनीवर येतंय."

गोळ्यांची बाटली त्यांच्या हातात होती. झाकण निघालेही होते.

"अप्पा!" निकिता ओरडली. "कपाशी हाय का ती?"

"तू गप. आकड्याचं तुला काय कळतंय?"

शिवकांता भिंतीला धरून उभी राहिली. एकेका शब्दामागे तिला श्वास घ्यावा लागत होता. लग्नापासून आजवर तिने नवऱ्याच्या तोंडावर असे कधी म्हटले नव्हते.

"ठिवा ती बाटली. मला गोळी नगं. मला सोलापूरला न्या."

"अगं, पण..."

"न्हेता का, का म्या रस्त्यावर जाऊन उभी राहू?"

शेजारच्या घरची जीप निघाली. महामार्गाला उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली. चालक शिव्या देत वाट काढत होता. शिवकांता मागच्या बाकावर निकिताच्या आधाराने बसली होती. आडवे होणे शक्यच नव्हते. नळदुर्ग ओलांडेपर्यंत तिचे ओठ काळपट झाले. पुढे बसलेले अप्पा एकदाही मागे वळले नाहीत. त्यांची मान तेवढी तिला दिसत होती, आणि मानेवरची शीर उडताना दिसत होती.

रुग्णालयात डॉक्टरीणबाई त्याच होत्या. केस पिकले होते. त्यांनी कानाला नळी लावली आणि लगेच पडद्याच्या यंत्राकडे न्यायला सांगितले. क्ष-किरणांच्या त्या पडद्यावर झडपेची दोन पाती दिसत होती. एक उघडझाप करत होते. दुसरे जागच्या जागी थबकले होते.

"गोळी कोण देतं यांना?" त्यांनी विचारले.

"म्या," अप्पा म्हणाले.

"आकडा उतरून उतरून पार खाली आलाय. साध्या माणसासारखा. गोळी बंद होती?"

अप्पांनी सांगितले. कापसावरचे रक्त, बंद ठेवलेली गोळी, भज्जी, अर्धी मात्रा. एकही गोष्ट लपवली नाही. सांगताना मात्र त्यांचा आवाज दुकानातल्यासारखा राहिला नव्हता. आपले माप एखाद्या अनोळखी माणसाने केलेले असावे आणि आपण नुसते वाचून दाखवत असावे, असे ते सांगत होते.

"पालेभाज्या बंद करा असं मी सांगितलं होतं का?"

"तुम्ही जपून म्हणाला होता. म्या बंद केल्या."

"रोज वाटीभर भाजी खाल्ली असती तर आम्ही गोळी त्या वाटीला जुळवली असती. मग सणाला चार घास जास्त गेले तरी एवढं बिघडलं नसतं. तुम्ही यांचं शरीर इतकी वर्षं कोरडं ठेवलंत आणि मग एकदम पूर आणलात. आणि गोळी परस्पर थांबवलीत, तपासणी केली नाहीत, ते तर सर्वांत वाईट."

अप्पांनी मान खाली घातली.

डॉक्टरीणबाई मग शिवकांताच्या खाटेशी आल्या आणि वाकून, तिलाच उद्देशून बोलल्या. दोन वाटा होत्या. एक, गाठ विरघळवणारे इंजेक्शन शिरेतून सोडायचे. त्यात गाठीचा तुकडा सुटून मेंदूत जाण्याचा किंवा कुठेतरी रक्तस्राव होण्याचा धोका. दुसरी, पुन्हा छाती उघडायची. ती या अवस्थेत झेपेल याची खात्री नाही. "तुमच्या मालकांची सही लागेल. पण आधी तुम्ही सांगा."

शिवकांताने प्राणवायूच्या मुखवट्यातून अप्पांकडे पाहिले. सवयीने पाहिले. आजवर असा प्रश्न आला की उत्तर तिकडूनच येत असे. अप्पा भिंतीकडे पाहत होते. तिला कळले, की या माणसाकडे आता कुठलेही माप नाही. त्या क्षणी तिला त्यांची दया आली, आणि त्याहून जास्त भीती वाटली. ज्याच्या भरवशावर आपण भीती ठेवून दिली होती, तो भरवसाच नव्हता.

"इंजेक्शन द्या," ती म्हणाली.

औषध थेंबाथेंबाने शिरू लागले. दुसऱ्या दिवशी पडद्यावर थबकलेले पाते हलले. आधी अडखळत, मग मोकळे. निकिताने खाटेवर वाकून कान लावला आणि तिला रडू कोसळले. टिकटिक परत आली होती.

त्याच दुपारी शिवकांताने पाण्यासाठी हात पुढे केला आणि हात उठला नाही. उजवा हात चादरीवर दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा पडून होता. तिने निकिताला हाक मारली; तोंडातून जे आले ते नाव नव्हते. तोंडाची एक बाजू ओघळली होती. गाठ विरघळता विरघळता तिचा एक कण सुटला होता आणि डोक्यात जाऊन बसला होता. डॉक्टरीणबाई धावत आल्या. त्यांनी ज्या धोक्याची कल्पना दिली होती तो धोका उभा ठाकला होता, आणि त्याबद्दल कुणालाही दोष देता येत नव्हता.

पुढचे दिवस खाटेवर गेले. बोलणे हळूहळू परतले. शब्द शोधावे लागत, पण सापडत. पाय धरला गेला नव्हता. हाताची बोटे मात्र अर्धवटच वळत. पळी धरता येईना. व्यायाम करवून घेणारी मुलगी म्हणाली, सुधारणा होईल, पण किती ते आत्ता सांगता येणार नाही. डॉक्टरीणबाईंनी या वेळी सारे शिवकांताला सांगितले आणि तिच्याकडून वदवून घेतले: रोज ठरलेली वाटीभर भाजी, गोळी कुणाच्याही सांगण्यावरून बंद नाही, वाढवायची नाही, कमी करायची नाही, तापाचे किंवा दुखण्याचे कुठलेही औषध घेण्याआधी विचारायचे, हिरडीतून रक्त आले, दम लागला, आवाज बदलला, तर वाट न पाहता यायचे, आणि रक्त तपासायचे, सण असो की सुतक. शिवकांता अडखळत एकेक गोष्ट म्हणत गेली. शेवटी डॉक्टरीणबाईंनी विचारले, "आणि आकडा?"

"आडीच... ते... साडेतीन," ती म्हणाली. तिने आयुष्यात प्रथमच तो उच्चारला होता.

घरी आल्यावर आळीतल्या बायका पाहायला आल्या. "अप्पांनी लई जपलं हो," त्या म्हणाल्या. पूर्वीची शांताक्का असती तर बोलली असती. आता ती दाराच्या उंबऱ्यापाशी बसून राही आणि द्रोण पुढे करणारा आपला हात मांडीवर उलटासुलटा करून पाही. अप्पांनी दुकान उघडले. शेतकरी पाने घेऊन येत. अप्पा म्हणत, "कृषी अधिकाऱ्याला एकदा दाखवा." लोकांना वाटले, अप्पा म्हातारे झाले.

पहिल्या संध्याकाळी ते सवयीप्रमाणे आले, एका हातात बाटली, दुसऱ्या हातात अडकित्ता. शिवकांता माजघरात बसली होती. तिने डावा हात पुढे केला.

"थांब, अर्धी करून देतो."

"बाटली... द्या."

"तुला एका हातानं जमतंय व्हय? सांडशील."

"सांडू दे."

त्यांनी बाटली दिली. तिने ती मांडीत धरून झाकण फिरवले. गोळ्या तळहातावर ओतल्या. एक निसटून फरशीवर गेली. तिने वाकून ती शोधली, पदराला पुसून पुन्हा बाटलीत टाकली. एक अख्खी बाजूला ठेवली. दुसरी वाटीच्या तळाखाली ठेवून तिने दाबली. ती मोडली, पण सारखी मोडली नाही. मोठा तुकडा कोणता, धाकटा कोणता, तिने डोळ्यांजवळ नेऊन पाहिले. अप्पांचा हात दोनदा पुढे आला आणि दोनदा मागे गेला.

"मोठा घे," ते न राहवून म्हणाले. मग लगेच, "न्हाय... म्या सांगत न्हाय. तूच बघ."

शिवकांताने दोन्ही तुकडे पुन्हा शेजारी ठेवले. निकिताला हाक मारून तिने सांगितले, की मुरूमला गेलीस की गोळी कापायचे छोटे यंत्र मिळते का पाहा, आणि आज डॉक्टरांना फोन लावून विचार, तुकडा असा मोडला तर काय करायचे. निकिताने फोन लावला. पलीकडून कुणी उचलल्यावर तिने फोन आईच्या कानाशी धरला.

"म्या... शिवकांता," ती शब्द शोधत म्हणाली. "माझ्या... रक्ताचं... विचारायचंय."

पलीकडून सांगितले, एवढ्याशा फरकाने बिघडत नाही; पण उद्या सकाळी रक्त द्यायला या. तिने अख्खी गोळी आणि एक तुकडा घेतला, पाणी प्यायली. उद्याचा आकडा काय येईल हे तिला ठाऊक नव्हते. अप्पा अजून उभे होते. रिकामा अडकित्ता त्यांच्या हातात होता आणि तो कुठे ठेवावा हे त्यांना सुचत नव्हते.